नऊ घमेली

१

आमच्या किनाऱ्यावर बायका फोन दोन ठिकाणी ठेवतात. तरुण असतील तर ब्लाउजमध्ये, छातीशी. माझ्या वयाच्या असतील तर कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या कापडाला गाठ मारून त्या गाठीत. माझा फोन अकरा वर्षं डाव्या बाजूला, कमरेच्या हाडावर बसलेला आहे. तिथली कातडी काळी आणि गुळगुळीत झाली आहे, जू घासून बैलाच्या मानेवर होते तशी. फोनची घंटी मी बंदच ठेवते, नुसता थरथरू देते. मासळी पसरताना दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि सरोवराचा वारा कानात दुसरं काही शिरू देत नाही. पण हाडाला कळतं.

ओमेना ही बोटाएवढी मासळी. पुरुष रात्री दिवे लावून ती धरतात, सकाळी बोटी परततात, आणि ऊन चढायच्या आत आम्ही ती जुन्या जाळ्यांवर वाळत घालतो. माझा मुलगा ओगोला किनारा दिसू लागला की बोटीवरून मला मिस कॉल द्यायचा. एकदा थरथरून थांबला तर एक घमेलं घेऊन ये. दोनदा थरथरला तर दोन. आमच्याकडे सगळ्यांचंच असं चालतं. चारच्या वर तो कधी गेला नाही.

तो फोन उचलायचा नाही, हा नियम. उचलला की त्याचे पैसे जायचे आणि घरी मला ऐकून घ्यावं लागायचं.

"आई, माझा आवाज एवढा गोड लागतो का तुला?" तो म्हणायचा. "घरी येऊन फुकट ऐकवतो की. तिथे कशाला विकत घेतेस?"

"फुकट असला तरी महाग पडतो यांचा आवाज," त्याची बायको अविनो चुलीपाशी बसून म्हणायची. ती तेव्हा पोटुशी होती. तिचं पहिलंच.

२

मार्चमधला मंगळवार होता. सव्वासातला कमरेला थरथर सुरू झाली. मी मोजायला लागले, एक, आणि ती थांबेचना.

शेजारच्या जाळ्यावर रिस्पर मासळी पसरत होती. "काय गं ओगोलाची आई, एकटीच हसतेस काय?"

"अगं, हा थांबतच नाही. बोट भरून आणतोय वाटतं. किती घमेली ते मोजता येईना, म्हणून नुसता धरून ठेवलाय."

"मग माझी दोन ने. पण परत देताना रिकामी देऊ नकोस."

थरथर आपोआप थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली. तितकीच लांब. "फाजील कुठला," मी म्हणाले. माझी तीन घमेली होती, रिस्परची दोन घेतली, आणि बाकी चार बायकांकडून एकेक मागून आणलं. नऊ घमेली एकात एक घालून डोक्यावर घेतली आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहिले.

वारा फिरलेला होता. बाकीच्या बोटी आल्या. ओगोलाची आली नाही. नऊच्या सुमाराला दुसऱ्याच बोटीतून त्याच्या बरोबरच्या दोघांना आणलं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला धरून ते तरले होते. त्यातला ओदेरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकी, इंजिन बंद पडलं होतं. पाणी गुडघ्याला लागलं तरी तो फोन कानाला लावून उभा होता. कुणाला लावत होता कोण जाणे."

घमेली तेव्हाही माझ्या डोक्यावर होती. कुणालाही ती उतरवायचं सुचलं नाही.

फोनवर न उचललेल्या कॉलच्या दोन खुणा होत्या. मी त्या पुसून टाकल्या. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की त्याने नेहमीसारखा मिस कॉल दिला. तो किती वेळ वाजला ते मला ठाऊक होतं, आणि थोडंफार रिस्परला. तिने त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

३

ओगोला सापडला नाही. माणूस सापडत नाही तेव्हा आमच्याकडे त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. हे फळ माणसाच्या मांडीएवढं लांब आणि जड असतं. त्याच्यासाठीही पुरलं. अविनो पोटावर हात ठेवून बघत होती.

त्यानंतर आठवड्याभरातच ते सुरू झालं. सकाळी सव्वासात, डावं हाड, लांब थरथर, मग श्वासभर थांबून दुसरी. मी घाईघाईने गाठ सोडून बघायची, तर फोन गप्प असायचा आणि त्यावर काही नसायचं. मग मी फोन साखरेच्या डब्यात घालून फळीवर ठेवायला लागले. तरीही कमरेला व्हायचंच. माझा हात आपोआप तिकडे जायचा आणि नुसत्या मांसावर पडायचा.

दवाखान्यातल्या सिस्टर पामेला यांना मी सांगितलं. पण पूर्ण नाही. फोन नसताना वाजल्यासारखा वाटतो, एवढंच.

"पुष्कळांना होतं, मावशी," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा होतं. अंगाला सवय लागते. पाय कापलेल्या माणसाचा अंगठा खाजतोच की."

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचंच होतं. रोज सव्वासातला मी काम थांबवायची, दोन्ही थरथरी संपू द्यायची आणि पुन्हा मासळी पसरायला लागायची. जून उजाडला. ज्या पहाटे अविनो मोकळी झाली, मुलगा झाला, त्या सकाळी माझं हाड गप्प राहिलं. दुसऱ्या दिवशीही गप्पच होतं. मला वाटलं, सुटले.

४

पहिले पाच दिवस पोर चांगलं होतं. सहाव्या दिवशी अविनो अंघोळीला गेली आणि मी त्याला मांडीवर घेऊन दारात उन्हाला बसले. डोकं डाव्या हातावर होतं आणि पाठ माझ्या पोटाशी.

थरथर सुरू झाली.

माझा उजवा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. कातडी स्वस्थ होती. मग फळीवर डबा आहे का ते पाहिलं. डबा जागेवर होता. तेव्हा कुठे मला कळलं की थरथर हातातल्या पोरात आहे.

ताप चढताना पोरं कापतात ते मी पाहिलेलं आहे. ते कापणं कमीजास्त होतं, दात वाजतात, हातपाय आखडतात. हे तसलं नव्हतं. पोराचे हातपाय सैल होते, डोळे उघडे होते. थरथर आत, बरगड्यांच्या मागे कुठेतरी होती, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. मग ती एकदम थांबली. पोराने एकदा पापणी मिटली. मग दुसरी सुरू झाली.

ती संपल्यावर ते रडायला लागलं. अविनो ओल्या अंगाने धावत आली आणि त्याला अंगावर घेतलं. त्याने तोंड फिरवलं.

"काय झालं आई? आत्तापर्यंत बरा होता की."

"काही नाही गं," मी म्हणाले. "दचकला."

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून सतरा मिनिटं झाली होती.

५

मी काही अडाणी बाई नाही. शाळेची शेवटची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले आहे. मनाला मी एकेक गोष्ट विचारली.

लहान पोरं दचकतातच. म्हणून मी रिस्परची नात, महिन्याची, सकाळी मागून घेतली आणि तासभर मांडीवर ठेवली. ती बोटीत टाकलेल्या मासळीसारखी उडायची, कधी हात, कधी पाय. एकसारखं काही नव्हतं.

घड्याळ बघून मलाच भास होत असेल. म्हणून घड्याळावर फडकं टाकलं आणि अविनोला सांगितलं, पोर रडायला लागलं की वेळ बघून ठेव, मला सांगू नकोस. चार दिवसांनी तिला विचारलं. रोज तीच वेळ होती.

"तुम्हाला कसं माहीत होतं?" तिने विचारलं.

"पोरांना वेळ कळते," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दूध साचून छाती दगडासारखी झाली होती, ती कापडाने बांधून ठेवायची. पोर दिवसभर रडायचं, थकून झोपायचं, उठून पुन्हा रडायचं. अंगावर घेतलं की तोंड फिरवायचं, जसं काही त्याला दुसरीकडे लक्ष द्यायचं आहे आणि आपण मध्येमध्ये करतोय. वाटीतून चमच्याने पाजलेलं कडेने ओघळून जायचं. मांड्यांची कातडी सुटी झाली होती.

सोमवारी आम्ही दवाखान्यात पहिला नंबर लावला. सात वाजून चौदा मिनिटांनी सिस्टर पामेला यांनी त्याला वजनाच्या पत्र्याच्या ताटात ठेवलं. मी दोन पावलं मागे सरकले. मला बघायचं नव्हतं आणि बघायचंही होतं.

काट्याचं ताट गुणगुणायला लागलं. लाकडी टेबलावर फोन ठेवावा आणि तो वाजावा, तसा पत्र्याचा बारीक आवाज. सिस्टर पामेला यांनी वर न बघता सांगितलं, "मावशी, तुमचा फोन वाजतोय. घ्या ना, मी थांबते."

"माझा घरी आहे," मी म्हणाले.

त्यांनी अविनोकडे पाहिलं. अविनोने मान हलवली. मग सिस्टरनी स्वतःचा खिसा चाचपला. मग त्यांची नजर ताटावर गेली. त्यांनी पोराच्या छातीवर तळहात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा नाही, पण हळूच काढून घेतला.

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. तो संपेपर्यंत आम्ही तिघी ताटाकडे बघत होतो. नंतर त्यांनी वजन लिहिलं. जन्माच्या वेळेपेक्षा पाऊण किलो कमी.

"गुरुवारपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "नाहीच वाढलं तर गाडी बोलावून मोठ्या इस्पितळात न्यायचं. पण चार तासांचा रस्ता, आणि एवढंसं पोर..." त्या वळल्या. हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ धूत राहिल्या.

६

"औषध कसलं करताय," अबोन्यो आजी म्हणाल्या. त्या माझ्या सासूची बहीण, नव्वदीच्या. "नाव ठेवा त्याचं. घरातलं कुणीतरी आलंय आणि तुम्ही त्याला ओळखच देत नाही. तो रडणार नाही तर काय करेल?"

आमच्याकडे पोर रडत असताना घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला पोर गप्प होईल ते त्याचं नाव. ओगोलाही असाच आपल्या पणजोबांच्या नावाला गप्प झाला होता.

"फक्त पाण्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही," आजींनी बजावलं. हे त्या अविनोला म्हणाल्या, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बुधवारी सकाळी सातला आजी, अविनो, रिस्पर आणि मी आतल्या खोलीत बसलो. पोर चटईवर होतं. त्याच्या रडण्यात आता जोर उरला नव्हता. दार उघडं होतं आणि बाहेर बोटी लागल्याचा गलका ऐकू येत होता.

"ओयुगी," आजींनी हाक मारली. पोर रडत राहिलं. "नको? बरं केलंस. दारुड्या होता. राबुओर?"

पोर रडतच होतं.

"न्याकवाका? चांगला माणूस होता रे. तीन गायी होत्या."

"आता गायी नाहीत हे कळलंय त्याला," रिस्पर म्हणाली, आणि आजीसुद्धा किंचित हसल्या.

बारा नावं झाली. मग बायकांची घेतली. आजींचा आवाज बसला. अविनो भिंतीला टेकून होती, तिच्या ब्लाउजवर दुधाचे दोन डाग पसरत चालले होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

पोर मध्येच गप्प झालं. आजी पुढे वाकल्या. "कुठलं? शेवटचं कुठलं घेतलं मी?"

पण मला माहीत होतं. चटईच्या काड्या वाजत होत्या.

मी इतके दिवस त्या थरथरीला काय केलं? संपू दिली. कमरेला होती तेव्हा संपू दिली, पोरात आली तेव्हाही संपू दिली. मोजत बसले. त्या मंगळवारीही मी मोजतच होते. हे मला तिथे, त्या चटईपाशी, पहिल्यांदा असं स्वच्छ दिसलं. पहिली लांब थरथर थांबली. दुसरी सुरू झाली. तिला किती वेळ लागतो ते मला पाठ होतं.

मी पोराला घेतलं, त्याचं तोंड माझ्या कानाशी नेलं आणि म्हणाले, "बोल, ओगोला."

"अगं ए बाई," आजी ओरडल्या.

थरथर अर्ध्यात तुटली.

७

 पोर रडत नव्हतं. मग आजी हळूच म्हणाल्या, "लागलं. काय करणार. लागलं नाव." रिस्पर लेसोचं टोक तोंडाला लावून रडायला लागली, आनंदाने.

मला त्यांचे आवाज लांबून येत होते. पोराचं उघडं तोंड माझ्या कानावर होतं आणि त्यातून वारा येत होता. पोराचा उच्छ्वास नाही. मोकळ्या पाण्यावरचा वारा, थांबून थांबून. लाकडावर पाणी आपटत होतं. माझ्या कानाची पाळी गार पडली.

"मी ऐकतेय," मी म्हणाले.

तिकडे कुणीतरी श्वास घेतला. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो तसा. तो मी ओळखला. चुलीपाशी बसून चेष्टा करायच्या आधी तो असाच घ्यायचा, थोडा नाकातून.

मी वाट बघितली. एक शब्द हवा होता मला. शिवी चालली असती.

अविनोची नजर माझ्या हाताकडे होती. मीही पाहिलं. पोराची पावलं राखेच्या रंगाची झाली होती. पोट वरखाली होत नव्हतं. मी त्याला थोडं हलवलं, कान न काढता. मान सैल गेली. त्याच्या नाकपुडीतून पाण्याची धार निघाली आणि माझ्या गळ्यावर ओघळली. ती दुधाची नव्हती. सकाळी सरोवराच्या उथळ पाण्याला येतो तो वास तिला होता.

तिकडे कुणीतरी श्वास घेत होतं. इकडे कुणी घेत नव्हतं.

मी किती वेळ थांबले ते मला सांगता यायचं नाही. थांबले, हे खरं आहे. त्या थांबण्याचा मला राग येतो आणि ते थांबणं पुन्हा करायला मिळावं असंही वाटतं. तिकडचा श्वास पुरा भरला होता. आता शब्द येणार होता. त्याची जीभ टाळूला लागल्याचा आवाजसुद्धा मी ऐकला.

"ठेवते रे," मी म्हणाले, आणि पोराला कानापासून दूर केलं.

पोर खोकलं. पुन्हा खोकलं. मग असं रडलं की बाहेर बोटीवरची माणसं थबकली. लालबुंद झालं, मुठी आवळल्या, पाय झाडले. अविनोने त्याला माझ्याकडून हिसकावूनच घेतलं.

"नाही लागलं," आजी हताश होऊन म्हणाल्या. "परत रडला."

पण अविनोने ब्लाउज सोडला होता आणि पोराने तोंड फिरवलं नाही. ते ओढून ओढून प्यायला लागलं, नाकाने आवाज करत, आधाशासारखं. आजींनी घाईघाईने जे आठवेल ते नाव घेतलं, राबुओर, दुसऱ्यांदा, आणि पोर काही रडलं नाही, म्हणून तेच ठरलं. रिस्पर बातमी सांगायला बाहेर पळाली. आजींना चहा हवा होता, त्या चुलीकडे गेल्या.

मी आणि अविनो राहिलो. मी गळा पुसला. कापड ओलं झालं, ते घडी करून मांडीवर ठेवलं.

"आई," अविनो म्हणाली. ती पोराकडे बघत होती. "काय म्हणाले ते?"

मला वाटलं, काहीतरी सांगावं. तुझी आठवण काढली म्हणावं, पोराला जप म्हणाला म्हणावं. तिने मान वर केली, आणि मला खोटं सुचेना.

"मी बोलू दिलं नाही त्याला," मी म्हणाले. "या वेळीही नाही."

 मग तिने पोराला दुसऱ्या अंगावर घेतलं.